सहाव्या गल्लीतलं विरजण

माझे सहा उद्योग बुडाले आणि सातवा तरला. तो माझ्या हुशारीमुळे तरला, असं जयसिंगपुरात बरेच जण म्हणतात. परवा महिला मंडळाच्या कार्यक्रमात मला शाल देताना अध्यक्षीणबाईंनीही तेच सांगितलं. मी शाल घेतली, नाही म्हणवलं नाही. पण खरं काय घडलं ते कुठे तरी नीट लिहून ठेवायला हवं. दुसऱ्याच्या पुण्याईवर किती दिवस मिरवायचं?

आधी बुडालेल्यांविषयी. मी पंधरा वर्षं घरी गणिताच्या शिकवण्या घेत होते. मग प्रत्येक मुलाच्या कानात न थकणारा, न ओरडणारा मास्तर आला आणि माझ्या चटया गुंडाळून माळ्यावर गेल्या. रिकामं बसायची सवय नव्हती. म्हणून मी फोनवर ‘उद्योगसखी’ घेतली. रोज सकाळी दहाला ती गोड आवाजात विचारायची, “हेमाताई, घरबसल्या उद्योगाची आजची कल्पना ऐकायची का?” मी ऐकत गेले. कागदी पिशव्या झाल्या, मेणबत्त्या झाल्या. पलंगाखाली अळिंबी लावली, तर आमचे हे, म्हणजे धनंजय, महिनाभर शिंकत राहिले. यंत्रावर राख्या छापल्या, तर समोरच्या घरातही तेच यंत्र निघालं. जुने फोटो बोलके करून द्यायचं काम घेतलं, ते आठ दिवसांत प्रत्येक फोन फुकटात करायला लागला. शेवटी लहान मुलांना झोपताना गोष्टी वाचून दाखवायचं ठरवलं. तोवर मुलांना त्यांच्याच आईच्या आवाजात गोष्ट सांगणारी उशी बाजारात आली होती.

दर वेळी सासूबाई एकच प्रश्न विचारायच्या, “झाली हौस?” सासूबाई म्हणजे प्रमिलाबाई नेजकर, वय ऐंशी, अंगाने काटकुळ्या, जिभेने लवंगी मिरची. मी त्यांना आई म्हणते. तीस वर्षं एका घरात काढली, पण आम्ही दोघींनी मिळून एखादं काम केलंय असं कधी झालं नव्हतं. त्यांचं स्वयंपाकघर निराळं आणि माझं निराळं. फक्त ओटा एक.

याच सुमारास टाकीचं दूध आलं. आता सगळेच ते पितात, तरी थोडं सांगते. गाईच्या दुधातली प्रथिनं बनवायची सूचना यीस्टच्या पेशीत घालतात आणि ते यीस्ट मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात. प्रथिनं जमली की ती गाळून घेऊन त्यात चरबी, साखर आणि क्षार मिसळतात. चारा लागत नाही, पाणी थोडकं लागतं. लागोपाठ तीन वर्षं वैरणीचे हाल झाल्यावर लोकांनी ते आनंदाने स्वीकारलं. चहा उत्तम, खीर उत्तम. फक्त दही लागेना. घरोघरी विरजण घालून बायका सकाळी झाकण काढायच्या, तर भांड्यात सरबरीत, तार सुटलेलं काहीतरी. दही लावायची पूड कारखानाच विकायचा. ती दर वेळी नवी आणायची, कारण तिच्या दह्याचं पुन्हा दही लागत नसे. वर्षभरात आमच्या सहाव्या गल्लीतल्या बहुतेक घरांतली विरजणं मेली.

आमच्याकडे शिवगोंडा गवळी म्हशीचं दूध घालत होता, म्हणून आमचं विरजण जिवंत होतं. मग त्यानेही म्हैस विकली आणि टाकीच्या दुधाच्या केंद्रावर पिशव्या भरायला लागला. त्या संध्याकाळी मी सवयीने पिशवीतलं दूध तापवलं, कोमट केलं आणि विरजण घातलं. घातल्यावर लक्षात आलं की हे तर टाकीचं. सकाळी फेकून द्यायला भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. चमचा उभा राहील असं कवडी दही लागलं होतं.

आईंना जराही नवल वाटलं नाही. “लागणारच,” त्या म्हणाल्या. “आमच्या घराण्याचं विरजण आहे. माझ्या आजेसासूपासून चार पिढ्या तुटलेलं नाही.”

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत होते. पहिल्यांदाच त्यात मला उद्योग दिसला.

आई लगेच आडव्या आल्या. विरजण विकायचं नसतं, मागणाऱ्याला वाटीत घालून द्यायचं असतं. शेजारणीकडून विरजणाचे पैसे घेतलेत असं कुणी ऐकलंय का? मी दोन दिवस विनवण्या केल्या. मग त्यांनीच तोड काढली. गल्लीत जो वाटी घेऊन येईल त्याला फुकट, आणि परगावच्याला वाळवून पाठवायचं. पैसे वाळवण्याच्या कष्टाचे, विरजणाचे नाहीत. मी ते पुडीवर तसंच छापलं. वाळवायची रीतही त्यांचीच. चक्का बांधून पाणी काढायचं, तो धुतलेल्या पंचावर पातळ पसरायचा, पंख्याखाली सावलीत वाळवायचा आणि हाताने चुरायचा. उन्हाचा कवडसा जरी पडला तरी त्या ओरडायच्या. पुडीवर त्यांचा नऊवारीतला फोटो आणि खाली ठळक अक्षरं: ‘नेजकरांचं चार पिढ्यांचं अखंड विरजण’.

पुड्या साताऱ्याला गेल्या, नगरला गेल्या, पार नागपूरला गेल्या. दह्याचं पुन्हा दही लागतंय म्हणून लोक दुसऱ्यांदा मागवणार नाहीत अशी मला धास्ती होती, पण एका घरातून दहा घरांची नावं यायची. आईंचं तर रूपच पालटलं. सकाळी सातला त्या पदर खोचून तयार. त्या चक्का पसरायच्या, मी पुड्या भरायची आणि मध्येच त्या मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. एकदा त्या म्हणाल्या, “तू फार आधी यायला हवी होतीस माझ्या हाताशी.” तीस वर्षं मी त्याच ओट्याशी उभी होते, पण तसं काही बोलले नाही. त्या एका वाक्यासाठी मी देवाचे आभार मानले, आजही मानते.

मग नियम आला. जिवंत विरजण, आंबवण, कांजी असलं काहीही गावाबाहेर विकायचं तर दिवाळीच्या आत ‘मूळपत्र’ घ्यायचं. त्याशिवाय विक्री बंद. मूळपत्र दोन तऱ्हेचं होतं. तुमचे जिवाणू तुमच्याच घरात जपले गेले हे सिद्ध झालं तर खासगी, म्हणजे विकायचा हक्क फक्त तुम्हाला. नाही तर सार्वजनिक, म्हणजे कुणीही विकावं. कोल्हापूरचा एक घाऊक व्यापारी माझ्याशी वर्षाचा करार करायला तयार होता, पण खासगी मूळपत्र असेल तरच. कराराचा मसुदा माझ्या नावाने आला होता. हेमलता धनंजय नेजकर, व्यवसाय: उत्पादक. शिकवण्या मी पंधरा वर्षं घेतल्या, पण माझ्या नावापुढे व्यवसाय म्हणून कुणी काही लिहिलं नव्हतं. तो कागद मी देवघराच्या फडताळात ठेवला होता.

नोंदणी कार्यालयाकडून डॉक्टर नीलांबरी शेटे आल्या. तिशीतल्या, बोलायला साध्या, खांद्याला पिशवी आणि पिशवीत डब्याएवढं यंत्र. आमच्या दह्याचा नमुना घेऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की तुलनेसाठी आजूबाजूच्या पाच घरांचे नमुने लागतात. कोणती घरं ते अर्जदाराने ठरवायचं. दही नसलं तरी चालेल, जुनी लाकडी रवी असली तरी पुरे. लाकडाच्या चिरांत वाळून गेलेले जिवाणू वर्षानुवर्षं असतात. मी भराभर शेजारची पाच घरं सांगितली. त्यात भिंतीला भिंत लागून असलेलं आवटीकाकूंचं घर होतं; तिथला नमुना बाईंनी जुन्या लाकडी रवीतून खरवडून घेतला.

इथे आवटीकाकूंविषयी सांगायला हवं. शकुंतला आवटी, वय चौऱ्याहत्तर, एकट्या राहतात. त्यांच्या नवऱ्याला दूध पचत नसे, म्हणून त्या शेंगदाणे भिजवून, वाटून, त्याचं दूध काढायच्या आणि त्यात चिमूटभर साखर घालून दही लावायच्या. नवरा गेल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला वीस बायांच्या देखत आई त्यांना म्हणाल्या होत्या, “शेंगदाण्याच्या लगद्याला दही म्हणतेस व्हय गं? दही आमच्याकडचं, चार पिढ्यांचं.” बाया हसल्या. काकू हळदकुंकू घेऊन निघून गेल्या आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. मी येता-जाता काकूंकडे बघून हसायची, त्याही हसायच्या, तेवढंच.

नीलांबरीबाई आठवड्याने निकाल घेऊन आल्या. आई दुपारच्या झोपेत होत्या. बाईंनी यंत्राच्या पडद्यावर एक झाड दाखवलं, फांद्या फुटलेलं.

त्यांनी मला समजावलं ते असं. जिवाणू एकाचे दोन होतात तेव्हा आतला सगळा मजकूर उतरवून काढतात. उतरवताना कधी एखादं अक्षर चुकतं. समजा, एकीने पाककृती उतरवताना ‘दोन चमचे’चं ‘तीन चमचे’ केलं, तर तिच्या वहीवरून उतरवणाऱ्या सगळ्यांकडे तीनच चमचे येणार. कोणत्या वह्यांत कोणत्या चुका सारख्या आहेत ते पाहिलं की कुणी कुणाचं उतरवून घेतलं ते कळतं. दह्यात रोज अशा कित्येक पिढ्या होतात, त्यामुळे चुकांवरून काळही मोजता येतो. जिथे दोन घरांच्या चुका वेगळ्या व्हायला लागतात, तो दिवस विरजणाची वाटी एका घरातून दुसऱ्या घरात गेल्याचा.

“तुमचं विरजण चार पिढ्यांचं नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्षांपूर्वी ते शेजारच्या आवटींच्या घरातून आलेलं आहे.”

आणि टाकीच्या दुधाचं दही लागण्याचं कारणही तिथेच होतं. जिवाणूंना प्रथिनांचे बारीक तुकडे लागतात. गाई-म्हशीच्या दुधात थोडे तयार तुकडे असतात, त्यांवर त्यांची सुरुवात होते. टाकीच्या दुधात सगळी प्रथिनं अख्खी, त्यामुळे साधे जिवाणू उपाशी मरतात. शेंगदाण्याची प्रथिनं कापायला आणखी अवघड. त्या दुधात वर्षानुवर्षं काढलेल्या जिवाणूंमध्ये कापणारी एक जादा कात्री टिकून राहिली होती. ज्या दह्याला आमच्या ओसरीवर वीस बाया हसल्या, त्याच दह्याची ही करामत. आमच्याकडे म्हशीच्या दुधात आल्यावरही ती कात्री गळून पडली नाही, हे नशीबच, असं बाई म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, आता पुढे काय? त्यांनी सरळ सांगितलं. अर्ज अजून दाखल झालेला नव्हता. दाखल करेपर्यंत अर्जदाराला तुलनेची घरं बदलता येतात, नियम तसा आहे. “मी काही सुचवत नाही,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी चार वाजता येते. त्या दिवशी अर्ज भरू.”

म्हणजे मला काही करायचंच नव्हतं. पाचातलं एक घर बदलून पलीकडचं सांगायचं, बस. मूळपत्र खासगी, करार माझा, आईंचा फोटो पुडीवर तसाच. खरं सांगितलं तर माझा करार गेला असता, हे दुःख होतंच. पण त्याहून मोठी भीती आईंची होती. त्यांची चार पिढ्यांची गोष्ट मीच गावोगाव छापून पाठवली होती. ती खोटी ठरल्यावर त्या पुन्हा माझ्याशी बोलतील का, चक्का पसरायला येतील का, याचा विचार करून मी बुधवारचा दिवस घालवला. यांना सांगितलं तर हे म्हणाले, “घर बदल की. कोण बघतंय?” आमचे हे स्वभावाने गरीब आहेत, पण सल्ला मात्र कधी धड देत नाहीत.

गुरुवारी सकाळी पंचा पसरताना मी आईंना निकाल सांगितला. त्यांनी हात थांबवला नाही. “यंत्राला काय कळतंय दह्यातलं,” म्हणाल्या, आणि नंतर दिवसभर एक शब्द नाही. जेवल्याही नाहीत धड. शुक्रवारी दुपारी मी पुड्या भरत होते. त्या समोर येऊन बसल्या.

“यंत्र बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. हळदीकुंकवाच्या भांडणाला पंधरा दिवस झाले होते. आम्ही सगळे तिरुपतीला गेलो होतो आणि परत आलो तर घरातली वीज गेलेली, फ्रिज बंद, विरजणावर बुरशी. दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. गल्लीत कुणाकडे मागितलं असतं तर चार पिढ्यांची फुशारकी सकाळपर्यंत चव्हाट्यावर आली असती. वाटी घेऊन पुढच्या दाराने जाणं शक्य नव्हतं. मागचं दार एकच जवळ, आवटींचं.

“तिन्हीसांज झाली होती,” आई म्हणाल्या. “दिवे लागल्यावर कुणी घरातलं दही बाहेर देत नाही, ठाऊक आहे ना तुला? शकू मागं भांडी घासत होती. माझ्या हातात रिकामी वाटी. मी काही बोलले नाही, माझी जीभच उचलेना. तिनं हात धुतले, वाटी घेतली, आत गेली आणि भरून आणून दिली. तीही बोलली नाही. बोलणं बंदच होतं ना आमचं.”

त्यांनी पंचाची दुमडलेली कड सरळ केली.

“एकोणीस वर्षं मी चार पिढ्या, चार पिढ्या करत मिरवले. ती भिंतीपलीकडं ऐकत होती. एकदाही खाकरली नाही, हेमा. आणि मला लाज वाटत होती असंही नाही. मी विसरून गेले होते. आपण सांगत गेलो की आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं.”

मी त्यांचा हात धरला. मला रागवायला हवं होतं कदाचित, पण मला रडू येत होतं आणि का ते त्या वेळी सांगता आलं नसतं. आता येतं. जिला आम्ही वीस बायांत हसलो, तिच्या वाटीवर आमच्या घरात एकोणीस वर्षं दही लागलं. माझ्या मुलाला परीक्षेला निघताना हातावर घातलेलं दही तिचं, माझ्या नणंदेचं लग्न जमलं त्या दिवसाची कढी तिची, आणि सहा उद्योग बुडाल्यावर मला उभं केलं तेही तिनेच. यातलं एकही तिने बोलून दाखवलं नाही.

आई उठल्या, पदर सारखा केला. मी काही म्हणायच्या आत त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या होत्या. मी मागोमाग गेले.

आवटीकाकू उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. आईंनी पायरीखालूनच हाक मारली, “शकू.”

काकूंनी वर पाहिलं. घाई केली नाही. सूप बाजूला सारून जागा केली आणि म्हणाल्या, “ये की. बस.”

आईंनी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं. अडखळत, मध्येच थांबत, पण काही लपवलं नाही. काकू ऐकताना शेंगा फोडतच होत्या. आईंचं संपल्यावर त्या हसल्या. “मला ठाऊक हाय की. तुझ्या सुनेनं गल्लीत दही वाटलं तवाच जिभेला कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं त्यात? दिलेल्या विरजणाची कुणी आठवण काढून देतंय व्हय?” काकू म्हणाल्या. “आणि माझं ऐकूनच घे. माझ्या घरात एवढ्यात दोनदा दही बिघडलं. दोन्ही वेळा तुझ्याकडनंच वाटी आणली मी, मागच्या दारानं. हेमानं दिली. तू झोपलेली.”

ते खरं होतं. मी दिली होती आणि विसरले होते. आई एकदम पायरीवर बसल्या आणि दोघी हसायला लागल्या. मी मात्र रडत होते.

तेवढ्यात नीलांबरीबाई आल्या. आमच्या घरात कुणी नाही हे बघून त्या शेजारी डोकावल्या आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी अर्ज उघडला. मी मनाशी ठरवलंच होतं. सांगितलं की मूळपत्र आवटीकाकूंच्या नावाने करा. काकू मालकीण, मी त्यांच्या परवानगीने पुड्या करीन. खासगी मूळपत्र तसंही मिळालं असतं आणि व्यापाऱ्याला त्यापलीकडे काही नको होतं. सगळ्यांचं भलं झालं असतं.

“माझ्या नावानं कसं?” काकू म्हणाल्या. “माझं कुठलंय ते.”

मग त्यांनी मिरजेची गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान मिरजेच्या एका दवाखान्यात होते. काहीही खाल्लं की पोटात ठरत नव्हतं, दूध तर विषासारखं. शेजारच्या खाटेजवळ अथणीकडची एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडलांची सेवा करत बसलेली असायची. तिला मराठी येत नव्हतं, काकूंना कन्नड येत नव्हतं. तिने दोन दिवस यजमानांचे हाल पाहिले. तिसऱ्या दिवशी एक डबी उघडून काकूंच्या हातावर चमचाभर दही ठेवलं आणि म्हणाली, “शेंगा.” तेवढा एकच शब्द दोघींना कळत होता. मग तिने हातवारे करून दाखवलं: भिजवायच्या, वाटायच्या, गाळायच्या, कोमट करायचं, यातलं घालायचं. काकूंनी दवाखान्याच्या मागच्या चुलीवर तसं केलं. यजमानांच्या पोटात अन्न ठरलं. ते त्यापुढे वीस वर्षं जगले.

“ती डबी माझ्याकडंच ऱ्हायली,” काकू म्हणाल्या. “सकाळी उठून बघते तर खाट रिकामी. घेऊन गेल्ते तिच्या बाला.”

नीलांबरीबाईंनी मान खाली घातली आणि सांगितलं की असं असेल तर मूळपत्र सार्वजनिकच होईल. मूळ धनी दुसरं कुणी असलं आणि त्याची संमती नसली तर खासगी देता येत नाही. दोन मिनिटांपूर्वी हाती राहिलेला करार पुन्हा गेला होता.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “तुझं काम अडत असंल तर माझं नाव घाल की गं. त्या बाईचं यंत्रात कुठं येतंय? माझं काय जातंय हो म्हणायला.”

त्या मनापासून म्हणत होत्या. पुढचं सगळं माझ्या एका होकारावर होतं. पडद्यावरच्या झाडाची मुळं आवटींच्या घरापाशी संपत होती. त्याखाली काय आहे ते कोणत्याच यंत्राला दिसणार नव्हतं. फडताळातल्या कागदावरचं माझं नाव मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आई माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. एक शेंग उचलून फोडली, दाणे खाल्ले, मग म्हणाले, “नको काकू. चार पिढ्यांची एक गोष्ट छापून झाली. आता जसं आलं तसंच लिहू.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने करार मागे घेतला. आज आमच्या गल्लीत चार घरं पुड्या करतात, गावात आणखी किती तरी. माझ्या पुड्या पहिल्यापेक्षा कमी जातात, पण आईंना, काकूंना आणि मला पुरून उरेल एवढं काम आहे. आता तिघी मिळून करतो. दोघी म्हाताऱ्या पंचाच्या दोन टोकांना बसतात आणि चक्का किती पातळ पसरायचा यावरून रोज भांडतात. पुडीवरची ‘चार पिढ्या’ गेली, आईंनी फोटोही काढायला लावला. महाराष्ट्रात लाखो घरांत टाकीच्या दुधाचं दही लागतं आहे आणि ते कुणाच्याच मालकीचं नाही. यातलं किती माझं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला माझा वाटा फार थोडा दिसतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तर त्या पायरीवर. नीलांबरीबाई एकेक रकाना भरत शेवटच्यापाशी आल्या. ‘मूळ धन्याचं नाव’. त्यांनी तिथे ‘अज्ञात’ असं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही.

“अज्ञात कसं?” काकू म्हणाल्या. शेंगा फोडणारा हात पहिल्यांदाच थांबला होता. “मला भेटल्ती ती. तीन दिवस शेजारी बसली. चमच्यानं माझ्या हातावर घातलंय तिनं. अज्ञात न्हवं.”

बाईंनी विचारलं, “मग काय लिहू, आजी?”

आईंनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“लिव्ह,” काकू म्हणाल्या, “नाव विचारायचं राहून गेलं.”

नीलांबरीबाईंनी तसंच लिहिलं. सरकारी मूळपत्रावर आजही ते तसंच छापून येतं.